मदत हवी आहे: टॉवर स्पीकर बदलू की खोलीचं काही करू? डग्गा घुमतोय, धैवत गायब

मंडळी, इथे शास्त्रीय ऐकणारे आणि स्पीकरमधलं कळणारे असे दोन्ही दर्दी आहेत म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्याकडे थ्री-वे टॉवर आहेत, प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर (खालच्या सुरांसाठी), मधल्यासाठी वेगळा मिडरेंज, वरच्यासाठी ट्वीटर, पोर्ट (बेससाठी ठेवलेलं भोक) मागच्या बाजूला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, नाव आलं की धागा ब्रँडच्या वादात जातो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. जोडी साडेचार लाखांची आहे, घरच्यांशी बोलून, बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेली, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला देणार असाल तर कारणासकट द्या.

आता प्रॉब्लेम. खयाल लावला की तानपुरा झकास, जवारी (तारांची झणझणती गुंज) छान उलगडते, तबल्याच्या चाटीवरचा "ना" स्वच्छ, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण डग्ग्यावर घिस्सा ओढला (तळवा घासून सूर सलग वर नेला) की ती मींड वर जाताना मधली एकच जागा एकदम फुगते आणि खोलीत रेंगाळत राहते, पुढचा बोल तिच्याखाली दबतो. विलंबित एकतालात तर हे फारच खटकतं, कारण तिथे मात्रांच्या मधे मोकळी जागा असते आणि ती सगळी या घुमाऱ्याने भरून जाते. दुसरं म्हणजे काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा ज्याचा सा) गाणारा गायक मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरला की पंचम गरजेपेक्षा जाड आणि लगेच वरचा धैवत एकदम पातळ. तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं तर दोन्ही सुरांना सारखं वजन.

खोली पुण्यातल्या साध्या फ्लॅटची, १४ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. स्पीकर ११ फुटी भिंतीपाशी, पुढचा चेहरा भिंतीपासून ७५ सेंटीमीटरवर, बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी ४५. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला.

एका दुकानदाराने सांगितलं अँप कमी पडतोय, जास्त वॉटचा घ्या. मला ते पटलं नाही, कारण पॉवर दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात, म्हणजे घुमाराही तेवढाच वाढणार. दुसरीकडे केबल बदला म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी थेट वरच्या मॉडेलची एक्स्चेंज ऑफर. खोली किती मोठी आहे हे एकानेही विचारलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग मित्राचा यूमिक-१ हा मोजमापाचा माईक आणला आणि रूम ईक्यू विझार्डवर मोजलं (सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं). सोफ्यावर ८० हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा, १०२ ला थोडा लहान, आणि ११५ च्या जवळ खोल खड्डा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशोब केला तर सगळं जुळतं. खोलीची लांबी ४.२७ मीटर, म्हणजे पहिला मोड (दोन भिंतींमधे आपोआप घुमणारा सूर) ४० चा, दुसरा ८० चा, आणि भिंतीला टेकून बसलं की दोन्ही पूर्ण जोरात लागणार. रुंदीचा दुसरा मोड १०२. आणि ७५ सेंटीमीटर हे ११५ हर्ट्झच्या लहरीचा पाव भाग, म्हणजे स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज तिथे मूळ आवाजाला मारतो. आता काळी एकचा षड्ज घ्या, साधारण १३९ हर्ट्झ, त्याचा मंद्र पंचम १०४ आणि धैवत ११५. एक सूर उंचवट्यावर बसलाय, त्याच्या शेजारचा खड्ड्यात!

माईक वूफरच्या अगदी जवळ, दोनेक सेंटीमीटरवर धरून मोजलं तर हे उंचवटे-खड्डे दिसतच नाहीत, रेषा सरळ. पोर्टमध्ये फोमचे बोळे घातले तर ४० च्या खालचं कमी झालं, ८० चा उंचवटा जसाच्या तसा. म्हणजे स्पीकर निर्दोष आहेत असं माझं मत झालंय, पण मग पुढचा प्रश्न डोक्यातून जात नाही. या खोलीत टॉवर ठेवण्यात अर्थ आहे का?

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हर्मन या ऑडिओ कंपनीत ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी जे काम केलं त्यावरून मला समजलं ते एवढं की साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य आणि वर स्पीकरचं. माझ्या खोलीची सीमा अर्ध्या सेकंदाचा रिव्हर्ब (आवाज विरायला लागणारा वेळ) धरून २२० च्या आसपास येते. म्हणजे शोरूममध्ये बेस ऐकून भुलण्यात काही राम नाही, तो बेस त्या खोलीचा. तिथे पारखायचं ते वरचं: जवारी, पेटीच्या रीड्स, समोरून बाजूला सरकल्यावर आवाजाचा रंग किती बदलतो ते. आणि दोन जोड्यांची तुलना करताना आवाज मीटर लावून समान केलाच पाहिजे, किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो. झाकून ऐकवा म्हटलं की बहुतेक दुकानांत नाही म्हणतात, तरी आग्रह धरावा असं माझं म्हणणं आहे.

सोफ्याऐवजी खुर्चीत बसून ती सोफ्यामागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे घेतली की डग्गा एकदम बांधून आल्यासारखा वाजतो, मींड सलग ऐकू येते, इतका फरक आहे की बायकोलाही न सांगता कळला. पण सोफा कायमचा तिथे ठेवता येत नाही, आईचा जायचा-यायचा रस्ता तोच आहे.

जाणकारांना माझे प्रश्न:

स्पीकर बाजूच्या भिंतींपासून रुंदीच्या पाव अंतरावर, म्हणजे ८४ सेंटीमीटरवर आणले तर १०२ चा मोड फारसा जागा होणार नाही, पण मग दोघांमधलं अंतर १.६७ मीटरच उरतं. कोणी असं अरुंद ठेवून ऐकतं का? गायक आणि साथीदार वेगवेगळ्या जागी ऐकू येतात का?

८० साठी चार इंची रॉकवूलचे पॅनल पुरणार नाहीत हे कळतंय. कोपऱ्यात बेस शोषणारे जाड ट्रॅप किंवा ठरावीक सुरालाच कंप पावून तो शोषणाऱ्या पातळ पडद्याचे (मेम्ब्रेन) ट्यून केलेले अ‍ॅब्सॉर्बर सुताराकडून कोणी बनवून घेतलेत का, आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते का?

मिनीडीएसपी (ईक्यू म्हणजे इक्वलायझर करणारा छोटा डबा) लावून ८० चा उंचवटा कापणारे कोणी आहेत का? खड्डा ईक्यूने भरत नाही हे माहीत आहे, फक्त उंचवट्याबद्दल विचारतोय, आणि वरच्या सुरांवर त्याचा काही परिणाम जाणवतो का ते सांगा.

आणि टॉवर विकून लहान बुकशेल्फ अधिक दोन सबवूफर असा बदल ज्यांनी केलाय, त्यांना डग्गा आणि पखवाज कसे वाटतात? सिनेमाचं नको, फक्त गाण्याचं सांगा.

उत्तर देताना खोलीचं माप आणि तुम्ही भिंतीपासून किती अंतरावर बसता ते जरूर लिहा, नाहीतर तुमचा अनुभव माझ्या खोलीला लावता येणार नाही. ग्राफ पहिल्या प्रतिसादात टाकतोय.