‘प्रेत’, ‘पिंड’ आणि ‘न मम’

प्रश्न : दहाव्याला गुरुजी गेलेल्या माणसाच्या नावाला ‘प्रेत’ शब्द जोडतात. घरच्यांना तो फार लागतो. दुसरा शब्द चालेल का?

उत्तर : इथे ‘प्रेत’ म्हणजे मढं नव्हे. प्र + इत, म्हणजे पुढे निघून गेलेला. दहाव्यापर्यंत देहाची राखसुद्धा सावडून झालेली असते. हाक देहाला नसतेच. मराठीत अर्थ आकसून मृतदेहावर आला, म्हणून शब्द कानाला टोचतो. तो बदलू नका. तो मुदतीचा आहे, सपिंडीपर्यंतचाच, म्हणजे गेलेल्याला पितरांत मिसळण्याच्या विधीपर्यंतचा. पुढे ‘पितर’. घरच्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.

प्रश्न : सपिंडीत नेमकं काय होतं?

उत्तर : सपिंडी मुळात वर्षअखेरीची, हल्ली बहुधा बाराव्या दिवशी करतात. भाताचे चार पिंड : तीन गोल, मृताचे वडील, आजोबा, पणजोबा यांचे, चौथा लांबट, मृताचा. त्याचे दर्भाने (कुठे सोन्याचांदीच्या तारेने) तीन भाग करून एकेक भाग एकेका पिंडात मिसळतात. वर नुसता चिकटवायचा नाही, एकजीव करून पुन्हा गोल वळायचा. मग कुठला भात कोणाचा, ते ओळखता येत नाही. ‘त्याचा पिंडच शिक्षकाचा’ म्हणताना आपण न बदलणारा स्वभाव सांगतो. इथे तोच शब्द हाताने मोडायचा असतो.

पुरवणी : तर्पणात (पितरांची नावं घेऊन पाणी देताना) हमखास चूक होते ती इथे. प्रत्येक नावाला देवतेचं रूप जोडतात : वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. वडील ज्या आजोबांना वसुरूप म्हणत, तेच मुलाच्या तोंडी रुद्ररूप होतात. वडिलांची वही समोर ठेवून म्हणणारे फसतात. पणजोबांच्या वडिलांचं नाव तर उच्चारातूनच सुटतं. ते ‘लेपभागी’ : पिंड देऊन झाल्यावर हाताला चिकटलेला भात दर्भांच्या मुळांशी पुसतात, तो त्यांचा. नाव गेलं, वाटा राहिला.

प्रश्न : आणि शेवटचं ‘न मम’? ‘माझा आता संबंध नाही’ असं का?

उत्तर : नाही हो, संबंध तुटत नाही. ‘पितृस्वरूपी जनार्दनवासुदेवः प्रीयतां न मम’. वडिलांच्या रूपातला जनार्दन संतुष्ट होवो, हे कर्म माझं नव्हे. सोडायचा तो ‘मी केलं’ हा हक्क. घाईत ‘प्रीयतांनमम’ असं एकच अक्षरांचं गाठोडं होतं. ‘प्रीयतां’नंतर थांबा, आणि ‘न मम’ म्हणतानाच पळीतलं पाणी ताम्हनात सोडा.