डेबियन 12 केल्यापासून जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन काळा, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात 2009 सालचा एक लॅपटॉप आहे. कोअर टू ड्युओ, 4 जीबी रॅम, ग्राफिक्स इंटेल जीएम45. पुस्तकांच्या देवघेवीची सगळी नोंद त्याच्यावरच लिबरऑफिसात होते. डेबियन 11 (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टम) वर काही तक्रार नव्हती. गेल्या रविवारी मी डेबियन 12 वर नेला, कर्नल (सिस्टमचा गाभा) 5.10 चं 6.1 झालं, आणि तेव्हापासून अडकलोय.

चालू करताना ग्रबचा (सिस्टम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू दिसतो, चार ओळी सरकतात आणि स्क्रीन काळा. मशीनच हँग झालं असं वाटलं. पण अंदाजाने पासवर्ड टाकून एंटर मारलं की हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो. मग खोलीतला लाइट घालवून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, तर लॉगिनची चौकट अंधूक दिसली! व्हीजीए केबलने मॉनिटर जोडला तर त्यावर सगळं स्वच्छ.

ग्रबमध्ये नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरशिवाय चालू करायचा पर्याय) घालून चालू केला की उजेड येतो, पण रिझोल्यूशन 1024×768 आणि जीएलएक्सइन्फो (ग्राफिक्सची माहिती दाखवणारी आज्ञा) मध्ये रेंडरर एलएलव्हीएमपाइप. म्हणजे चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरवर. नुसती शीट खाली सरकवली तरी पंखा घरघरतो. असं रोज काम होणार नाही.

मेसा (लिनक्सवरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) 22.0 मधून जुना आय965 ड्रायव्हर काढलाय, म्हणून आधी संशय तिथेच होता. पण बाहेरच्या मॉनिटरवर बघितलं तर त्याच्या जागी आलेला क्रोकस नीट चालतोय. मग फक्त बॅकलाइटचाच (स्क्रीनमागच्या दिव्याचा) घोळ असेल का? कुठे बघू? जाणकारांनी कृपया सांगा, शनिवारी वाचनालय उघडायचंय.

प्रतिसाद:
टॉर्च मारून पाहिलंत ते फार बरं केलंत, निम्मं निदान तिथेच झालं. ड्रायव्हरला हात लावू नका. 6.1 कर्नलमध्ये बॅकलाइट ओळखायची पद्धत बदलली आहे. आता एका पॅनेलसाठी एकच नियंत्रक नोंदवला जातो. सिसमधल्या क्लासमधल्या बॅकलाइट या फोल्डरात फक्त 'एसीपीआय व्हिडिओ' (बायोसमार्फत चालणारा नियंत्रक) दिसत असेल आणि 'इंटेल बॅकलाइट' (थेट ग्राफिक्स ड्रायव्हरचा) गायब असेल, तर ग्रबमध्ये ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि एफ10. नोमोडसेट असेल तर आधी काढा, नाहीतर फरक कळणार नाही. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, बिनधास्त करून बघा.

धागाकर्ता:
उजेड आला! फोल्डरात खरंच एकटा एसीपीआय व्हिडिओ होता. आता ब्राइटनेसची बटणंही चालतात, स्क्रीन पूर्ण 1366×768. ग्रबच्या डीफॉल्ट फाईलमध्ये कायमचं लिहून अपडेट-ग्रब चालवलं, दोनदा बंद-चालू करून पाहिलं. मनापासून आभार. उद्या सकाळीच लॅपटॉप वाचनालयात नेऊन ठेवतो.