अनुभव धागा : सुट्टीचा दिवस, दोघांचा

सुट्टीच्या दिवशी जोडीने कुठे जायचे याविषयी आपण भरभरून बोलतो. पण आदल्या रात्री तयारी कोण करते, डबा कोण भरते आणि परतल्यावर ओट्यावरचा पसारा कोण आवरते, याविषयी फारसे बोलले जात नाही. माझ्या मते सुट्टी खरोखर दोघांची झाली की नाही, हे तिथेच ठरते. हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा कामगारांना मोकळा वेळ मिळाला की ते फिरतील, वस्तू विकत घेतील, हाही विचार त्यामागे होता. परंतु कारखाना बंद झाला म्हणून घरची चूल थांबत नाही, आणि ती ज्याच्या एकट्याच्या गळ्यात पडते त्याला सातही वार सारखेच. म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरातली रीत सविस्तर लिहावी, ही विनंती. लांबचे प्रवास नकोत. नेहमीचे फिरणे, खाणे आणि घर एवढेच पुरे.

सुरुवात मी करते. आम्हा दोघांना टेकड्या चढायची आवड आहे. पूर्वी घरी परत कधी पोचणार याचा अंदाज नसल्यामुळे रात्रीच्या जेवणाचे हाल होत. आता स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आम्ही वापरतो : साधारण ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटरच्या वाटेवर ६०० मीटर चढ असेल, तर तीन तास निव्वळ चालण्याचे. विश्रांती आणि खाणे त्यात धरलेले नाही, ते आपण वाढवायचे. परतण्याची वेळ अशी हाती आली की तिथून मागे मोजत जेवण ठरवता येते. घरात शिरल्यावर एकाने बूट आणि ओले टॉवेल बाहेर काढायचे, दुसऱ्याने डबे लगेच घासायला टाकायचे, आणि हे होईपर्यंत कोणीही सोफ्यावर टेकायचे नाही, असा आमचा नियम आहे. एकदा टेकले की उठवत नाही, आणि मग जो आधी उठतो त्याच्याच अंगावर सगळे काम येते.

* * *

आमच्या घरी सुट्टीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, म्हणून पुरुषाच्या बाजूने लिहितो. ‘तू सांग, मी करतो’ असे म्हणणे म्हणजे अर्धेच काम उचलणे होय, हे माझे ठाम मत आहे. काय करायचे, घरात काय आहे, काय संपत आले आहे, हे लक्षात ठेवणे हेच मुळात दमवणारे असते. त्यामुळे शुक्रवारी रात्री फ्रीज मी उघडतो, यादी मी करतो आणि पत्नीला एकही प्रश्न विचारत नाही.

राजमा आमच्याकडे वरचेवर होतो, कारण तो रात्री भिजत घालून निश्चिंतपणे फिरायला जाता येते. मात्र त्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते नष्ट करण्यासाठी भिजवल्याचे पाणी टाकून द्यावे लागते आणि ताज्या पाण्यात राजमा किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट घालून बाहेर जाणे धोक्याचे आहे, कारण तिथले तापमान त्यासाठी पुरेसे चढेलच असे नाही. भाताचेही तसेच. दोघांपुरता अंदाज नेहमी चुकतो आणि भात उरतो. तो पातेल्यात तसाच ठेवून संध्याकाळी बाहेर पडलात, तर शिजवूनही जिवंत राहिलेल्या जीवाणूंच्या बीजाणूंतून पुन्हा वाढ होते, आणि त्यांनी तयार केलेले विष नंतर भात गरम केल्याने जात नाही. मी उरलेला भात लगेच पसरट ताटात मोकळा करतो, वाफ गेली की झाकतो आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवतो. दाणा न दाणा सुटा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा परतून त्यावर तो टाकला की नाश्ता तयार.

* * *

आम्ही दोघेही पाळीने काम करतो आणि आमच्या सुट्ट्या क्वचितच जुळतात. ज्या संध्याकाळी दोघे घरी असू, तोच आमचा रविवार. त्या वेळी कपडे धुणे, बिले भरणे असले काहीही काढायचे नाही, एवढे एकच पथ्य आम्ही पाळतो.

* * *

आम्ही निवृत्त आहोत. पत्नीचे गुडघे दुखत असल्याने चढउतार जमत नाहीत, तरीही आमचे बाहेर पडणे थांबलेले नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर आरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांविषयी मी वाचले होते. त्यांत काही जोडप्यांचे हात-पाय एका बाजूने एकमेकांना बांधून त्यांना गाद्यांवरून अडथळा ओलांडत रांगायला लावले होते, तर काहींना साधे, कंटाळवाणे काम दिले होते. काही मिनिटांच्या त्या धडपडीनंतर पहिल्या गटातील जोडप्यांनी आपल्या नात्याविषयी अधिक समाधान नोंदवले. रांगणे आम्हाला शक्य नाही, पण नावीन्य शक्य आहे. म्हणून आम्ही ओळखीच्या बसने जातो आणि अनोळखी थांब्यावर उतरतो, तिथल्या बाकावर बसतो, मंडईत फिरतो आणि कधी न खाल्लेली एखादी भाजी उचलतो. ती कशी करायची, हे भाजीवाल्या बाईंनाच विचारतो. त्या सांगतात आणि रांगेत मागे उभी असलेली दुसरी बाई ते खोडून काढते. मग दोन्ही पद्धती पत्नी पिशवीवरच पेनने लिहून घेते. घरी आल्यावर ती बसून निवडते, मी उभा राहून फोडणी करतो. गुडघ्यांच्या दुखण्याने ही वाटणी आपोआप ठरवून दिली, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मी फोडणीला प्रथमच उभा राहिलो, तो आता कायमचा.

* * *

आमचे लग्न अलीकडेच झाले आहे. त्याला बाहेर पडल्याशिवाय सुट्टी वाटत नाही आणि मला घरी राहिल्याशिवाय विसावा वाटत नाही. दोघांनी एकमेकांसाठी मन मारायचे आणि मग दोघांनीही आतून धुमसायचे, हे फार दिवस चालणारे नाही, असे आम्ही स्पष्ट बोललो. आता एक सकाळ बाहेरची आणि त्यानंतरची दुपार पूर्णपणे घरातली, अशी विभागणी आहे. एखाद्या सकाळी तो एकटाच जातो, आणि त्याबद्दल कोणीही रुसायचे नाही, हेही ठरलेले आहे. वर निवृत्त काकांनी लिहिलेले वाचून पुढच्या वेळी बसचा प्रयोग करावा असे वाटते, कारण त्यात फिरणेही आहे आणि बसणेही. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी ही वाटणी कशी सांभाळली, विशेषतः सकाळी बाहेर पडण्याआधीचा तास दोघांमध्ये कसा वाटून घेतला, हे कृपया सविस्तर लिहावे.