प्रतिसाद: ‘सर्टिफाइड’ म्हणजे नक्की कोणाकडून?

घोडबंदर रोडच्या सेंटरमधल्या ताई ‘सर्टिफाइड अर्ली इंटरव्हेन्शन स्पेशालिस्ट’ (लहान वयातच मुलांच्या विकासातल्या अडचणींवर काम करणाऱ्या) आहेत, मुलाला पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. वर सगळ्यांनी फी आणि पार्किंगवरच चर्चा केली!

भिंतीवरची फ्रेम राहू दे, सीआरआर नंबर मागा. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही अपंगांसोबत काम करणाऱ्या तज्ज्ञांची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था; तिच्या नोंदवहीतला हा नंबर. त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतो. स्पेशल एज्युकेटर आणि स्पीच थेरपिस्ट यांना तो लागतोच. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. दंड मात्र जास्तीत जास्त १,००० रुपये, म्हणजे एका सेशनची फी. नोंदणीचं नूतनीकरणही असतं, तेव्हा मुदत वाचा.

पण ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे) हा नंबर नसेल तर लगेच बोगस ठरवू नका. त्यांची आणि फिजिओंची नोंदणी राज्याच्या वेगळ्या कौन्सिलकडे असते.

वीकेंडच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र या दोन्हींत बसत नाही, कितीही सोनेरी शिक्का असो.

तोवर खारघरला एनआयईपीआयडीच्या (बौद्धिक अपंगत्वावर काम करणारी राष्ट्रीय संस्था) केंद्रात मुलाची तपासणी करून घ्या. सरकारी आहे, जरा वेळ काढून जा. आणि त्या ताईंना नंबर विचारायला संकोच कसला? खरा असेल तर त्या लगेच देतील.