‘नत्राची मात्रा’ चालते, मग ‘मोठ्या मात्रेत’ का खटकते?

संत्रा बागायतदारांसाठी छापायच्या एका पत्रकाची मुद्रिते तपासण्याचे काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आले होते. त्यातील एका पानावर ‘अंबिया बहारासाठी नत्राची मात्रा विभागून द्यावी’ असे वाक्य होते आणि त्याच पानावर खाली ‘झाडाच्या बुंध्यापाशी पाणी मोठ्या मात्रेत साचू देऊ नये’ असे दुसरे वाक्य होते. (नत्र म्हणजे नायट्रोजनचे खत, अंबिया बहार म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा.) पहिल्या वाक्याला मी हात लावला नाही. दुसऱ्यातील ‘मोठ्या मात्रेत’ खोडले. पत्रक लिहिणाऱ्या गृहस्थांनी रास्त प्रश्न विचारला : एकच शब्द वरच्या ओळीत शुद्ध आणि खालच्या ओळीत अशुद्ध कसा?

‘अशुद्ध’ हा शब्द मी वापरला नव्हता आणि वापरणारही नाही. ‘मात्रा’ हा शब्द मोजणे या अर्थाच्या ‘मा’ या संस्कृत धातूपासून आलेला आहे. माप, मान, प्रमाण, परिमाण ही सगळी त्याच घरची मंडळी आहेत. ज्याने आपण लांबी मोजतो तो ‘मीटर’ ग्रीक वाटेने आला असला तरी त्याचे मूळही याच कुळात सापडते. संस्कृतात मात्रा म्हणजे माप, परिमाण, अल्पसा अंश, आणि गीतेतील ‘मात्रास्पर्श’ या शब्दात तर इंद्रियांचे विषय असाही अर्थ घेतला जातो. तेव्हा पुष्कळपणा दाखवण्यासाठी हा शब्द वापरला म्हणून संस्कृताचा काही अपराध होत नाही. प्रश्न मराठीने या शब्दाचे काय केले, हा आहे.

मराठीने त्याला मोजता येणारा एकेक घटक मानले, आणि हे सर्वांत स्पष्टपणे छंदःशास्त्रात आणि तालात दिसते. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन आणि नुसत्या व्यंजनाची अर्धी, ही व्याकरणातील जुनी मोजणी आहे. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे त्यांच्याविषयी गमतीने म्हटले जाते. वृत्तात लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. दिंडीच्या एका चरणात १९ मात्रा असतात, पादाकुलकाच्या चरणात १६. ‘नागपूर’ या शब्दात ना दोन, ग एक, पू दोन आणि र एक अशा ६ मात्रा होतात, तर ‘सीताबर्डी’त ‘ब’च्या पुढे जोडाक्षर आल्याने तो गुरू होतो आणि एकूण ८ मात्रा भरतात. दादरा तालाचे आवर्तन ६ मात्रांचे आणि केहरव्याचे ८ मात्रांचे, म्हणजे शहर दादऱ्यात बसते आणि त्याची बाजारपेठ केहरव्यात, असा एक निरुपयोगी पण सुखद हिशेब येथे निघतो.

तालातील मात्रेची एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेण्यासारखी आहे. त्रितालाच्या १६, एकतालाच्या १२, झपतालाच्या १० आणि रूपकाच्या ७ मात्रा ठरलेल्या आहेत. पण त्यांपैकी एक मात्रा किती वेळ चालावी, हे ठरलेले नाही. विलंबित ख्यालात एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंदही रेंगाळते आणि तोच एकताल द्रुत झाला की एका सेकंदात कितीतरी मात्रा निघून जातात. मात्रा मोजली जाते, पण तिची लांबी लयीवर अवलंबून राहते.

आयुर्वेदातही नेमके हेच आहे. ‘मात्राशी स्यात्’, म्हणजे मात्रेने खाणारा असावे, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाच्या आरंभी म्हटले आहे, आणि ही मात्रा कोणत्याही वजनाने न सांगता ती खाणाऱ्याच्या अग्निबलावर सोडली आहे. एकाला जे पथ्य तेच दुसऱ्याला अजीर्ण. औषधाच्या बाबतीत एका वेळी द्यायचा अंश म्हणजे मात्रा, आणि त्यावरून पुढे औषधालाच मात्रा म्हणू लागले. पारा, गंधक आणि सोने घालून केलेली हेमगर्भाची मात्रा पूर्वी पुष्कळ घरांत जपून ठेवलेली असे; ती सहाणेवर उगाळून चाटवायची वेळ आली म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरत, कारण रोगी अगदी हाताबाहेर गेल्यावरच ती काढली जाई. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ आणि ‘ही मात्रा बरोबर लागू पडली’ हे वाक्प्रचार याच सहाणेवरून आले असावेत, असे मला वाटते. तालाची मात्रा कोणावर ‘लागू पडत’ नाही, औषधाची पडते.

या अर्थाला आपल्या डोळ्यांदेखत नवे आयुष्य मिळाले. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाप्रतिबंधक लसीकरण सुरू झाले आणि मराठी वृत्तपत्रांतून ‘लशीची पहिली मात्रा’, ‘दुसरी मात्रा’ आणि पुढे ‘वर्धक मात्रा’ हे शब्द रोज छापले जाऊ लागले. ‘डोस’ हा शब्द बोलण्यात टिकला तरी छापील मराठीत मात्रा कोणाला अवघड वाटली नाही, कारण वैद्याच्या मात्रेची ओळख आधीपासून होती. नत्र, स्फुरद आणि पालाश या खतांची मात्रा हा त्याच ओळीतील प्रयोग आहे : ठरवून, मोजून, एका वेळी द्यायचा अंश. म्हणून पत्रकातील पहिले वाक्य निर्दोष आहे. बुंध्यापाशी साचलेले पाणी कोणी मोजून दिलेले नसते.

मग ‘मोठ्या मात्रेत’ आपल्याकडे आले कोठून? हिंदीतून. हिंदीत ‘मात्रा’ हा राशी, परिमाण या अर्थाचा अगदी रोजचा शब्द आहे आणि ‘बड़ी मात्रा में’ हा तेथील सरळ प्रयोग. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, कारभारात हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी बसत, आणि आजही इतवारीच्या दुकानात एका वाक्यात दोन्ही भाषा ऐकू येतात. पुण्याच्या वाचकाला जे ताबडतोब खटकेल ते येथे कानाला सवयीचे झालेले असते. मी त्याला पाप समजत नाही. पण ‘मोठ्या प्रमाणात’, ‘पुष्कळ’, ‘भरपूर’, ‘फार’ असे चार शब्द हाताशी असताना मोजणीचा शब्द ढिगासाठी खर्च करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

या शेजाराची गंमत लिपीतही आहे. मराठीत मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची ती तिरपी रेघ, ‘के’ची एक आणि ‘कै’च्या दोन, बाकीच्यांना काना, वेलांटी, उकार अशी आपापली नावे आहेत आणि म्हणून आपण ‘कानामात्रेचाही फरक नाही’ असे म्हणतो. हिंदीत ही सगळीच चिन्हे मात्रा : आ की मात्रा, छोटी इ की मात्रा. या पत्रकाची जुळणी करणारा मुलगा हिंदी शाळेत शिकलेला होता. मी फोनवर ‘तिसऱ्या ओळीतली मात्रा राहिली आहे’ असे सांगितले तेव्हा त्याने अतिशय सभ्यपणे विचारले, ‘काकाजी, कोणती मात्रा? आ ची का ई ची?’ ‘मैल’चा ‘मेल’ झालेला होता.

‘मात्र’ हे याच शब्दाचे भावंड आणि त्याची तऱ्हा आणखी विचित्र. ‘नाममात्र’, ‘तिळमात्र’ यांत ते ‘तेवढेच, अधिक नाही’ असे सांगते, तर ‘प्राणिमात्र’, ‘मनुष्यमात्र’ यांत ‘जेवढे आहेत तेवढे सगळे’ असे सांगते. माप ही मर्यादाही असते आणि पूर्णताही, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहू शकतात. स्वतंत्र शब्द म्हणून मराठीत त्याला ‘परंतु’चा रंग चढला : ‘सगळे गेले, मी मात्र थांबलो.’ हिंदीत ते ‘केवळ’च राहिले.

पत्रकात आणखी एक वाक्य होते : ‘रसातील साखरेची मात्रा वाढते.’ येथे ‘प्रमाण’ लिहावे तर त्या शब्दाच्या डोक्यावर आधीच पुरावा, मानक आणि गुणोत्तर असे तीन बोजे आहेत, आणि गुणोत्तराचा अर्थ येथे बसतोही. तरी मी दोन्ही टाळून ‘रसात साखर अधिक उतरते’ असे केले. लेखकांना ते पसंत पडले. मुखपृष्ठावरील ‘किंमत मात्र २० रुपये’ बदलायला मात्र ते तयार नव्हते. ‘मात्र’ काढून ‘फक्त’ घातल्याने पत्रक स्वस्त वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी दोन्ही शब्द काढून नुसते ‘किंमत २० रुपये’ असे छापले.