स्टीमपंक मालिकेचा तिसरा भाग घेऊ का? मदत हवी आहे

मंडळी, अँड्र्यू मेयरच्या 'द सोसायटी ऑफ स्टीम' मालिकेतला दुसरा भाग, 'हार्ट्स ऑफ स्मोक अँड स्टीम', नुकताच वाचून झाला. १८८० च्या सुमाराचं न्यूयॉर्क, वाफेवर चालणारी यंत्रं आणि सुपरहिरो, असा सगळा मामला. पहिल्या भागात ऑटोमेटन या यंत्रमानवावर माझा फार जीव जडला होता. इथे साऱ्याजणांपासून तुटलेल्या सारा स्टँटनपाशी त्याचं फक्त यांत्रिक हृदय उरलंय. श्रीमंत बापाचं घर सोडून आलेली ही मुलगी एका स्थलांतरित संशोधकाच्या मदतीने ते जपायला धडपडते, ती पानं मला अतिशय आवडली. मारामाऱ्या मात्र लांबल्यासारख्या वाटल्या.

तिसरा भाग, 'पॉवर अंडर प्रेशर', कुणी वाचलाय का? शेवट न फोडता एवढंच सांगा, साराला तिथे पुरेसा वाव मिळतो का? की पुन्हा हाणामारीच जास्त?

आणखी एक. हे वाचताना सारखी एमिली रोबलिंग आठवत होती. ब्रुकलिन ब्रिजचे मुख्य अभियंता असलेले तिचे पती वॉशिंग्टन पाण्याखालच्या कामामुळे आजारी पडले, तेव्हा त्यांच्या सूचना कामावर पोचवण्यापासून अभियंत्यांशी बोलण्यापर्यंत सगळं तिने वर्षानुवर्षं सांभाळलं. १८८३ मध्ये पूल खुला झाला. तिच्यावर किंवा त्या काळच्या न्यूयॉर्कवर मराठीत काही चांगलं वाचायला मिळेल का? पुस्तक, दिवाळी अंकातला लेख, काहीही चालेल. प्लीज सुचवा.