डोक्याला मार लागलेला मुलगा वर्गात परत आलाय. पालकांना आणि बाकीच्या सरांना कसं सांगू?

वर्गशिक्षिका_राजारामपुरी
आठवीतला मुलगा, दुचाकीवरून पडला होता. ऑपरेशनला तीन महिने झाले, टाके बुजले, केसही आले. घरचे म्हणतात, "आता बरा झालाय, बुडालेला अभ्यास भरून काढा." स्टाफरूममध्ये वेगळाच सूर: पहिल्या तासाला फाडफाड उत्तरं देतो, पाचव्या तासाला बाकावर डोकं टेकतो, म्हणजे नाटक. शनिवारच्या बैठकीत अर्धा तास मिळेल. काय सांगू?

न्यूरोसायको_केओपी
पहिला आणि पाचवा तास, हाच तुमचा पुरावा. नाटक करणारा पोरगा घड्याळ बघून दमत नाही. आपण वाचताना रिक्षाचा आवाज, शेजारच्याची कुजबुज आपोआप बाजूला पडते. मार लागलेल्या मेंदूला ते जोर लावून बाजूला ठेवावं लागतं. दुपारपर्यंत तो जोर संपतो.

घरच्यांना सगळ्यात चकवते ती आठवण. अपघाताआधीचे पाढे, कविता बहुतेक वेळा शाबूत असतात, म्हणून "डोकं तर तल्लख आहे" असं वाटतं. अडतं ते नवीन साठवायला. कालचा धडा आज कोरा.

चिडचिडीचं एक कारण मेंदूच्या पुढच्या भागाचा मार, तिथे लगाम असतो. दुसरं कारण गोळी. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम चालू असेल तर तिच्यानेही काही मुलं चिडखोर होतात. हे डॉक्टरांना सांगायचं. गोळी घरच्या घरी मात्र अजिबात बंद करायची नाही.

विशेष_शिक्षक_आजरा
भाषण देऊ नका, तीन मिनिटांचा खेळ घ्या. सगळ्या सरांना डाव्या हाताने आपला पूर्ण पत्ता लिहायला लावा (डावखुऱ्यांना उजव्या). मोबाईलवर मोठ्याने गाणं लावा आणि ते लिहीत असतानाच पुढच्या दोन सूचना तोंडी द्या. दुसरी सूचना बहुतेकांची सुटते. मग म्हणा, "याचे सात तास असेच जातात."

वर्गात करायचं ते असं. जागा पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून लांब. एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर राहू द्या. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा, तेवढ्यात दुसऱ्याला उठवू नका. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं डोळे मिटून शांत. गणिताची दहा उदाहरणं असतील तर त्याला चार. पद्धत कळली का एवढंच बघायचंय. गणित, विज्ञान मधल्या सुट्टीच्या आधी.

चूक कुठे होते सांगतो. पंधरा दिवस बरे गेले की सगळे मिळून सवलती काढून घेतात. तास वाढवायचा तर एकेक, आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखी किंवा गळाठा नसेल तरच.

कागदपत्र_मदत
दहावीच्या परीक्षेतल्या सवलतीचं नववीतच बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण 'मेंदूची इजा' असं वेगळं नाव त्यात नाही. दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं ते परिणामावर: हातापायाची हालचाल, बोलणं, बौद्धिक क्षमता वगैरे. म्हणून फक्त ऑपरेशनची फाईल घेऊन जाऊ नका. सोबत न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी (आठवण, लक्ष वगैरे तपासणारी) आणि शाळेचं निरीक्षण लागेल. आधी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवर अर्ज, मग तपासणी. दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. ऐन फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नसतो.

वर्गशिक्षिका_राजारामपुरी
डाव्या हाताचा खेळ नक्की घेते. पण पोरगं शिवाजी पेठेतलं, तालीम मंडळांचे फुटबॉल सामने सुरू झाले की हाही खेळायला मागणार. वडीलही "थोडं पळू दे की" म्हणतात.

न्यूरोसायको_केओपी
फक्त चालायला जाऊ दे, तेही रंकाळा तलावावर वडिलांबरोबर. फुटबॉल, सायकल, झाडावर चढणं न्यूरोसर्जननी लेखी सांगेपर्यंत बंद. ऑपरेशनमध्ये कवटीचा तुकडा काढून ठेवला असेल आणि अजून बसवला नसेल तर पीटीचा तासही नको. हे पालकांना स्पष्ट विचाराच, पुष्कळदा शाळेला सांगायचं राहून जातं. गणपतीत डॉल्बीपासूनही लांब.

आणि शाळेच्या ऑफिसात कागद चिकटवा: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, न उठणारी गुंगी, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. यातलं एकही दिसलं तर घरच्यांची वाट न बघता थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ लावा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.